रामगिरीची पायवाट

॥ श्रीराम जय राम जय जय राम ॥

श्रीमारुतीरायाच्या कृपेने आणि ग्रामस्थ व दानशूर मंडळींच्या सहकार्याने आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात आहे, ही आपणा सर्वांच्या आनंदाची गोष्ट होय. या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर मजकूर लिहावा अशी समितीच्या मंडळींची सूचना आली. मंदिराच्या बांधकामाचा, देणग्यांचा व खर्चाचा वृत्तांत याच पुस्तिकेत इतरत्र दिलेला आहे. म्हणून मी विषय निवडला तो वाटेचा. आपल्या मारुतीच्या मागून निघणारी पांदण शीव ओलांडून जंगलाच्या कडेकडेने रामटेककडे जाते. आपल्या पंचक्रोशीतील गावोगावचे लोक अशाच पांदणींनी बायकामुलांसह, म्हाताऱ्यांसह, पायी रामाच्या दर्शनाला जात. मारुती हा रामाचा सेवक. त्याला नारळ फोडून वाटेला लागायचे आणि अंबाळ्यावर स्नान करून गड चढायचा, असा तो क्रम होता. देऊळ नवे झाले. आता या वाटेचीही आठवण व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आजकाल शहरातील मंडळी सुटीच्या दिवशी पाठीवर पिशव्या अडकवून जंगलात चालायला जातात. त्याला ट्रेकिंग म्हणतात. ती चांगली गोष्ट आहे. परंतु आपल्या भागात हे काही नवीन नाही. लेकराला खांद्यावर घेऊन, डोक्यावर शिदोरीचे गाठोडे ठेवून रानातून देवाला जाण्याची चाल येथे किती जुनी आहे, हे सांगणारे पुरावे दगडावर व तांब्यावर कोरलेले सापडतात. ते थोडक्यात पाहू.

डोंगर आणि अरण्य

नागपूरच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेकचा डोंगर आहे. रामगिरी, सिंदूरगिरी, तपोगिरी अशी त्याची नावे प्रसिद्ध आहेत. नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारले तेव्हा त्याच्या रक्ताने डोंगर शेंदरासारखा लाल झाला, म्हणून सिंदूरगिरी, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्राचे जाणकार सांगतात की पश्चिम महाराष्ट्रातील काळा पाषाण नागपूरच्या आसपास संपतो आणि येथून पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. मनसर, कांद्री या भागात मँगनीज निघते ते याच प्राचीन खडकांतून. म्हणजे आपण ज्या टेकड्यांवर गुरे चारतो त्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाहूनही वयाने मोठ्या आहेत.

या डोंगराच्या उत्तरेस सातपुड्याच्या अंगाने पसरलेले रान म्हणजे आजचे पेंचचे जंगल. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, चार, आवळा, बेहडा, सालई, पळस आणि बांबू ही त्यातील ओळखीची मंडळी. पुराणात ज्याला दंडकारण्य म्हटले त्यातच हा भाग येतो अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. श्रीरामचंद्र वनवासात येथे टेकले, म्हणून रामटेक, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या ठिकाणी ठेवून, लेखी पुरावा काय सांगतो तेही पाहिले पाहिजे.

वाकाटकांच्या काळी

आजपासून सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भावर वाकाटक राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आपले नगरधन, असे विद्वान मानतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन यास दिलेली होती. पती अकाली वारला आणि मुले लहान, म्हणून या बाईने स्वतः राज्यकारभार पाहिला. पुण्यास मिळालेल्या तिच्या ताम्रपटात नंदिवर्धन हे नाव आहे आणि कार्तिक शुद्ध द्वादशीस देवाच्या पायाशी निवेदन करून दान दिल्याचा उल्लेख आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे मिळालेला तिचा दुसरा ताम्रपट तर रामगिरीस्वामीच्या पायापासून दिलेला आहे. रामगिरीचा स्वामी म्हणजे या डोंगरावरचा देव.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कार्तिक शुद्ध एकादशीचा उपवास, द्वादशीचे पारणे व दान, आणि पुढे तीन दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेची रामटेकची यात्रा. आपण आजही याच दिवसांत गडावर जातो. सोळाशे वर्षांत राज्ये कितीतरी बदलली, परंतु कार्तिकाचे हे दिवस या प्रदेशात पवित्रच राहिले. नगरधनला अलीकडे २०१५ नंतर राज्याचे पुरातत्त्व खाते व पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून जे उत्खनन झाले त्यात विटांच्या भव्य वास्तू उघड्या पडल्या. त्याआधी १९७२ मध्ये मनसरला मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नगरधन, मनसर आणि रामटेक ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, हे आपण शेतकरी माणसांना वेगळे सांगायला नको.

चुन्याखाली झाकलेला लेख

गडाच्या परिसरात केवल नृसिंह व रुद्र नृसिंह अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. आत नृसिंहाच्या बैठ्या मोठ्या मूर्ती आहेत. कित्येक पिढ्या लोक तेथे दर्शन घेत आले. मात्र केवल नृसिंहाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे हे कोणाला माहीत नव्हते, कारण तो गिलाव्याखाली झाकला गेला होता. १९८० नंतरच्या दशकात दुरुस्तीच्या वेळी पुरातत्त्व खात्याने भिंतीवरचा जुना थर काढला, तेव्हा तो उजेडात आला. लेखाचा बराच भाग झिजलेला आहे. तरी जो वाचता आला त्यात वाकाटक घराण्याचा वृत्तांत असून देवाचा उल्लेख ‘प्रभावतीस्वामी’ असा आला आहे. त्यावरून हे मंदिर राणी प्रभावतीच्या स्मरणार्थ, तिच्याच लेकराने बांधले असावे असे अभ्यासक म्हणतात.

जीर्णोद्धार करणाऱ्या आपणा सर्वांना यातून घेण्यासारखा धडा आहे. देऊळ स्वच्छ दिसावे म्हणून कोणीतरी पूर्वी चांगल्याच बुद्धीने गिलावा केला असेल. परंतु त्यामुळे आईच्या नावाने लेकराने कोरलेली अक्षरे शेकडो वर्षे अंधारात राहिली. पुढे दुसऱ्या कोणीतरी सावकाश, जपून हात चालविला म्हणून ती वाचली. तोच थर घाईने टाकीच्या घावाने उडविला असता तर अक्षरेही गेली असती.

कालिदास, चक्रधर आणि यादव

महाकवी कालिदासाच्या मेघदूतात शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो रामटेकच होय असे नागपूरचे विख्यात संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. काही पंडितांचे मत निराळे आहे. परंतु त्या काव्याच्या आरंभीच रामगिरीचे जे वर्णन आहे, सीतामाईच्या स्नानाने पवित्र झालेले पाणी आणि दाट सावलीची झाडे, ते अंबाळ्याच्या काठी उभे राहिल्यावर पटल्याशिवाय राहत नाही. गडावर कालिदासाचे स्मारक उभारलेले आहे आणि १९९७ मध्ये त्याच्याच नावाने रामटेकला संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. देवाच्या डोंगराचे वर्णन करताना कवीला प्रथम आठवले ते पाणी आणि सावली, हे आपण विसरू नये.

पुढे यादवांचे राज्य आले. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी हे गुजरातच्या प्रधानाचे पुत्र. रामटेकची रामयात्रा करावयाची म्हणून ते घरून निघाले आणि वाटेत ऋद्धपूरला त्यांना गुरू श्रीगोविंदप्रभू भेटले, असे पंथाच्या चरित्रग्रंथांत आहे. म्हणजे तेराव्या शतकात रामटेकच्या यात्रेची कीर्ती गुजरातपर्यंत पोचलेली होती. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात स्वामींच्या रानावनातल्या पायी प्रवासाच्या पुष्कळ आठवणी आहेत. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला आणि स्वामींनी त्याला अभय दिले, ही लीळा तर प्रसिद्धच आहे. मराठी भाषेच्या या आद्य ग्रंथात रानातल्या एका सशाला जागा मिळाली, याचा आपणा विदर्भवासीयांना अभिमान वाटावा.

गडावर लक्ष्मणाच्या मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेख आहे. तोही मिराशींनी आपल्या सहकाऱ्यासह वाचून प्रसिद्ध केला. त्यात केवळ राजाची स्तुती नाही. डोंगरावरील देवता आणि डोंगराच्या भोवतालची तीर्थे यांची त्यात नावनिशी दिलेली आहे. विचार करा, सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी हा डोंगर पायी फिरला, पाण्याचे एकेक ठिकाण पाहिले आणि येणाऱ्या यात्रेकरूंना कळावे म्हणून ते दगडावर कोरून ठेवले. महसूल खात्याच्या भाषेत सांगायचे तर हे डोंगराचे गाव-नकाशापत्रकच झाले.

भोसल्यांचा जीर्णोद्धार

यानंतर या मुलखावर देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये नागपूर शहर वसविले. आपल्या भागातील गोंड बांधव या रानाचे मूळचे जाणते. कोणत्या झाडाचा डिंक, कोणत्या झाडाची साल औषधी, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांना जितके ठाऊक तितके पुस्तकातही मिळत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल झाला आणि पहिले रघूजीराजे यांनी गडाचा उद्धार केला. आज गडावर जाताना वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा असे एकामागून एक दरवाजे लागतात. वराह दरवाजापाशी एकाच दगडात घडविलेला भव्य वराह आहे. तो मात्र भोसल्यांच्याही फार पूर्वीचा. पायथ्याशी अंबाळा तलाव, भोवती घाट व देवळे, आणि तेथून गडावर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. अंबराजाचा रोग या तलावात स्नान केल्याने बरा झाला अशी कथा आहे. डोंगराच्या आसऱ्याने श्रीशांतिनाथाचे जैन मंदिर आहे आणि भोगरामाचे ठिकाण महानुभावांना पूज्य आहे. एकाच डोंगराच्या वाटा निरनिराळ्या पंथांची माणसे शतकानुशतके तुडवीत आली, म्हणून त्या वाटा राहिल्या.

वाट कागदावर

इंग्रजी अमदानीत रामटेकपर्यंत रेल्वेचा फाटा आला, मँगनीजच्या खाणी निघाल्या, आणि १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारी झाले. गावे मालगुजारांकडे होती. त्या काळच्या जमाबंदीत गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क लिहून ठेवण्याची पद्धत होती. जळाऊ लाकूड कोठून आणायचे, गुरे कोठे चारायची, पाणी कोठे पाजायचे, कोणत्या वाटेने जायचे, ही सर्व माहिती त्यात असे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. परंतु हे दस्तऐवज संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक व कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. पूर्वीच्या मध्यप्रांतातून आलेली ही नावे पश्चिम महाराष्ट्रातील लोकांना ऐकूनही माहीत नसतात, पण आपल्याकडच्या जुन्या माणसांना ती तोंडपाठ असत.

तहसील कार्यालयात काम करीत असताना पांदणींबद्दलच्या तक्रारी नेहमी नजरेखालून जातात. बहुतेकांची कथा एकच असते. वाट मोडली कोणी, असे विचारावे तर एकाही माणसाने ती एका दिवसात मोडलेली नसते. दरवर्षी नांगरताना एक तास आत घेतला जातो, धुरा थोडा कोरला जातो. ज्या पांदणीतून दोन बंड्या शेजारी शेजारी जात, तिच्यातून पुढे एकच जाते, मग फक्त बैलजोडी, आणि शेवटी माणूसही अंग चोरून जातो. एकदा लोकांनी चालणे सोडले की वाटेवर घाणेरी माजते आणि पुढच्या पिढीला येथे वाट होती हेच ठाऊक नसते. कागदावर नोंद असली तरी वाट जिवंत राहते ती पायांनी.

आवळीभोजन आणि रोडगे

आपल्याकडे कार्तिक शुद्ध नवमीला आवळीनवमी म्हणतात. नवमीपासून पौर्णिमेपर्यंत रानात जाऊन आवळीच्या झाडाखाली स्वयंपाक करायचा, झाडाची पूजा करायची आणि सर्वांनी मिळून तेथेच जेवायचे, ही आवळीभोजनाची रीत. शास्त्रात तिला वनभोजन असेही नाव आहे. घरातील बाया, लेकरे, सासुरवाशिणी, आल्या-गेल्या लेकी, म्हातारेकोतारे, सर्वांसाठी असलेला हा जंगलातला एक दिवस होता. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया सांगत की वर्षभरात उंबरठ्याबाहेर मोकळे हिंडायला मिळे ते याच दिवसांत. चालत जायचे, थकले की बसायचे, लेकरांनी बोरे वेचायची. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मागून एखादी रेंगी किंवा बंडी. गवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटायची आणि पळसाच्या पत्रावळीवर जेवण व्हायचे. उठताना विस्तव पाण्याने विझवून वर माती लोटायची, हे काम घरातील कर्ता माणूस जातीने करी.

या चालण्यात मुलांची शाळाही होत असे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, धावड्याचा डिंक, बिज्याच्या सालीतून गळणारा लाल चीक, सालईचा वास, चारोळीचे झाड म्हणजेच चार, तेंदूच्या पानाची विडी आणि त्याच झाडाची गोड टेंबरे. मोहाची फुले चैत्राच्या आगेमागे पहाटे टपटप गळतात आणि त्याच्या फळाला टोरी म्हणतात, तिचे तेल निघते. हे सर्व आजोबाच्या बोटाला धरून चालताना कळत असे. आज आपल्या मुलांना इंग्रजी महिने व इंग्रजी फळे पाठ असतात, परंतु घराशेजारच्या झाडाचे नाव विचारले तर ती आईच्या तोंडाकडे पाहतात. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी चालवत नेलेच नाही.

आता गडाच्या वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची त्याने सोय झाली, त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु धडधाकट माणूसही मोटारीतून उतरतो, दर्शन घेतो, फोटो काढतो आणि अर्ध्या तासात परत फिरतो. त्याला राम भेटतो, पण रामगिरी भेटत नाही.

चालण्याचे नियम

जंगलाचे कायदे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पेंचला महाराष्ट्राच्या बाजूस १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये लगत मानसिंगदेव अभयारण्य झाले. वाघ राहिला तर रान राहील आणि रान राहिले तर आपल्या विहिरींना पाणी राहील. म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीवाचून पायी शिरू नये. तेथे पाहायला जायचे असेल तर सिल्लारी किंवा चोरबाहुली येथील फाटकावरून खात्याच्या गाडीवाटेने व वाटाड्यासह जावे. मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचायला पहाटे एकट्याने गेलेल्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले झाल्याच्या बातम्या आपण ऐकतो. ही हसण्यावारी नेण्याची बाब नव्हे.

कुटुंबाने चालायचे तर रामगिरीची जुनी वाट उत्तम. त्यासाठी अनुभवी मंडळी जे सांगतात ते असे. कार्तिक ते माघ हे दिवस बरे. चैत्र-वैशाखात आपल्याकडचे ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, तेव्हा लेकरांना नेऊ नये. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, परंतु पायऱ्यांवर शेवाळ धरते. उजाडल्यावर निघावे आणि ऊन चढण्याच्या आत वर पोचावे. सर्वांत लहान मूल किंवा सर्वांत वृद्ध माणूस ज्या चालीने चालेल ती सर्वांची चाल ठेवावी, कोणी पुढे पळू नये. पाणी घरूनच न्यावे. गडावर वानरे पुष्कळ, त्यांना खाऊ दाखवू नये व हातातील पिशवी लोंबती ठेवू नये. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास तेथे धूर, अत्तर व आरडाओरड टाळावी. रानात विस्तव करण्याची आता मनाई असते, म्हणून शिदोरी घरून बांधून न्यावी आणि मोकळ्या पिशव्या व बाटल्या परत आणाव्यात. मंदिरात जसे आपण खरकटे टाकत नाही तसे वाटेवरही टाकू नये.

आपल्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने

आता मूळ मुद्द्यावर येतो. देणगीदारांनी कष्टाचा पैसा दिला आहे. तो सत्कारणी लागला हे दिसतेच आहे. त्या पैशाचे पुण्य पुढच्या पिढ्यांना मिळावे यासाठी तीन गोष्टी समितीपुढे व ग्रामस्थांपुढे नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, जुन्या देवळाचे जे कोरीव दगड, वीरगळ किंवा भग्न मूर्ती निघाल्या असतील त्या पायात भराव म्हणून घालू नयेत व त्यांवर ऑइलपेंट चढवू नये. त्या आवारात एका ओट्यावर नीट मांडाव्यात. एखाद्यावर अक्षर दिसल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे. केवल नृसिंहाची भिंत आपल्याला हेच शिकविते.

दुसरी गोष्ट, मंदिराभोवती सर्वत्र फरशी न बसविता झाडांना जागा सोडावी. आवळा, बेल, मोह, कडूनिंब यांची रोपे लावावीत आणि एकेक रोप एकेका घराने सांभाळावे. देणगीदारांच्या नावाचा दगड भिंतीत बसतोच, पण त्यांच्या नावाचे झाड पन्नास वर्षांनी सावली देईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मारुतीच्या मागची पांदण मोकळी करावी. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज व गावनकाशा यांच्या नकला अर्ज करून काढता येतात. ग्रामसभेने त्या काढून घ्याव्यात आणि वाट कोठून कोठे व किती रुंद हे सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. धुऱ्यावरून जाण्याच्या हक्काबद्दल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, हे खरे. परंतु भावाभावांनी कचेरीची पायरी चढण्यापेक्षा मारुतीच्या पायरीवर बसून हे काम मिटविले तर दोन्ही घरांचे कल्याण होईल. ज्याने एक हात जागा सोडली त्याचेही नाव देणगीदारांच्या यादीत घ्यावे, असे माझे मत आहे. हजार रुपये देणाऱ्याचे दान मोठे, पण ज्याने पिकती जमीन वाटेसाठी सोडली त्याचे दान काही लहान नाही. जेथे वाट वन खात्याच्या हद्दीतून जाते तेथे खात्याची संमती घ्यावी. गावाच्या सामूहिक हक्कांसाठी २००६ चा वनहक्क कायदाही आहे, त्याचीही माहिती ग्रामसभेने करून घ्यावी.

आणि हे सर्व झाल्यावर, येत्या कार्तिक शुद्ध नवमीला, नव्या मंदिरात आरती करून सर्व गावाने याच पांदणीने पायी निघावे. कोणाची जात पाहू नये, पंथ पाहू नये. पुढे भजनी मंडळ, मध्ये बाया व लेकरे, मागून वृद्धांसाठी एक-दोन बंड्या. शाळेच्या गुरुजींनी मुलांना झाडांची नावे सांगावीत. ज्या बापूंना व आजींना ही नावे ठाऊक आहेत त्यांनी गुरुजींना सांगावीत, कारण ते आज आहेत, उद्या विचारायला सापडतील असे नाही. अंबाळ्यावर हातपाय धुवावेत, गड चढावा, रामाचे दर्शन घ्यावे आणि दिवस मावळण्याच्या आत घरी यावे. यास फार खर्च नाही, त्यासाठी वर्गणी नको, मांडव नको. फक्त पाय हवेत आणि सोबत हवी.

राणी प्रभावतीचे राज्य गेले, यादव गेले, गोंड राजे व भोसले गेले, मालगुजारही गेले. डोंगर आहे, अंबाळ्याचे पाणी आहे, रान अजून बरेच शिल्लक आहे. ज्या वाटेने आपले पूर्वज रामाकडे गेले ती आपल्या शेताच्या धुऱ्यांत हरवू नये, एवढी बुद्धी मारुतीरायाने आम्हा सर्वांस द्यावी, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

॥ शुभं भवतु ॥